लाल मातीला लोहचुंबक का ओढत नाही?

बेळगावहून जांबोटीच्या वाटेला लागलं की माती बघता बघता लाल होत जाते. खानापूर तालुक्यात तर अंगण लाल, बांध लाल, पावसाळ्यात चपलेचे तळही लाल. घरांच्या भिंतींना लागणारा जांभ्याचा चिरा त्याच रंगाचा. हा रंग लोखंडाचा, हे शाळेतली पोरंही सांगतील. आता त्या मातीत लोहचुंबक फिरवा. थोडे काळे कण चिकटतील, बाकीची माती ढिम्म हलणार नाही. मातीत लोखंड एवढं असताना ती चुंबकाला दाद का देत नाही?

चिकटलेल्या काळ्या कणांवरून भलता निष्कर्ष काढू नका. निपाणी, चिकोडीकडचा काळा पाषाण हा दख्खनच्या लाव्हाचा. त्या खडकात मुळातच लोह आणि टायटॅनियमचं एक चुंबकीय खनिज असतं. खडक झिजला तरी हे खनिज शाबूत राहतं आणि पाऊस ओसरल्यावर गटाराच्या कडेला काळ्या रेतीची रेघ होऊन बसतं. चुंबकाला भसाभस चिकटते ती ही रेती. आपला प्रश्न तिच्याबद्दल नाही, तो लाल भागाबद्दल आहे.

मातीला लाल करणारं खनिज म्हणजे हेमॅटाइट. त्यात लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. पिवळसर, तपकिरी छटा देणारं दुसरं खनिज गोएथाइट. त्यात लोखंड आणि ऑक्सिजनच्या जोडीला पाण्याचा अंशही बांधलेला असतो. तापवलं की साधारण ३०० अंशांच्या आसपास हे पाणी निघून जातं आणि गोएथाइटचं हेमॅटाइट होतं. पिवळट मातीची वीट भट्टीतून लाल होऊन निघते त्याचं मोठं कारण हेच. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनानं ७० टक्के लोखंड असतं. तरी त्याला चुंबक लावला तर ओढ जवळजवळ शून्य.

कारण असं, की लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतःपुरता एक बारका चुंबकच असतो. प्रश्न हा, की शेजारशेजारचे अणू तोंड कुठं करून उभे आहेत. हेमॅटाइटमध्ये ते थरांनी बसलेले असतात. एका थराचं तोंड इकडं, तर पुढच्याचं बरोबर उलट दिशेला. दोन्हीकडं सारखीच माणसं लावलेल्या रस्सीखेचेसारखं ते आहे. जोर सगळे लावतात, पण दोर जागचा हलत नाही. हे थर एकमेकांशी किंचित तिरके असल्यामुळं नाममात्र चुंबकत्व उरतं, एवढंच.

याच लोखंडाचं दुसरं ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट. रंगानं काळं. तीन लोखंड, चार ऑक्सिजन. इथं लोखंड दोन प्रकारचं असतं. तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड पाच एकक जोर लावतं आणि दोनच गमावलेलं चार एकक. रस्सीच्या एका टोकाला एक पाचाचा गडी. दुसऱ्या टोकाला एक पाचाचा आणि एक चाराचा. पाचाला पाच कटतात आणि चाराचा जोर शिल्लक राहतो, म्हणून दोर हलतो. असं अर्धवट कटलेलं चुंबकत्व असू शकतं हा सिद्धांत फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडला. १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा होता.

म्हणजे लाल मातीतून चुंबकीय काही काढायचं असेल तर त्यात बाहेरून लोखंड घालावं लागत नाही. थोडा ऑक्सिजन काढावा लागतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. ‘थोडा’ म्हणजे किती ते पाहण्यासारखं आहे. हेमॅटाइटचे तीन रेणू घेतले तर त्यांत लोखंडाचे सहा अणू आणि ऑक्सिजनचे नऊ. त्यांतून मॅग्नेटाइटचे दोन रेणू होतात, त्यांत लोखंडाचे तेच सहा आणि ऑक्सिजनचे आठ. नवातला एक गेला की काम झालं. वजनात सांगायचं तर ४८० किलो हेमॅटाइटमधून १६ किलो ऑक्सिजन काढला की ४६४ किलो मॅग्नेटाइट हातात येतं. त्याच ४८० किलोचं निव्वळ लोखंड करायचं झालं तर १४४ किलो ऑक्सिजन काढावा लागेल आणि लोखंड मिळेल ३३६ किलो. दोन कामांत नऊपटीचा फरक आहे. हा आकडा लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जाईल.

ऑक्सिजन काढून घ्यायला त्याच्यासाठी जास्त हपापलेलं कुणीतरी लागतं. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू यात पटाईत. पहिला ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होतो, दुसरा पाण्याची वाफ. पहिली पायरी, म्हणजे हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होणं, इतकी सोपी आहे की भट्टीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा महापूर असला आणि मोनॉक्साइड औषधापुरता, तरी ती पार पडते. नवातला तो पहिला ऑक्सिजन अगदी ढिल्या हातानं धरलेला असतो. उरलेले आठ मात्र चिवट. शेवटच्या पायरीला, लोखंड सुटं होताना, ९०० अंशांवर दोन्ही वायूंच्या मिश्रणात मोनॉक्साइड सुमारे दोन तृतीयांश असावा लागतो. त्याहून कमी पडला तर क्रिया पुढं सरकतच नाही. पोलादाच्या झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत जळण्याजोगा मोनॉक्साइड उरतो तो भट्टीच्या नालायकीमुळं नाही, या नियमामुळं. कारखानेही तो वाया न घालवता पुन्हा जाळून वापरतात.

मधे एक नाक्याचं तापमान आहे, साधारण ५७० अंश. त्याखाली मॅग्नेटाइटमधला ऑक्सिजन काढत गेलात तर थेट लोखंड. त्यावर असाल तर वाटेत वुस्टाइट नावाचं आणखी एक ऑक्साइड लागतं, एका लोखंडाला जवळपास एक ऑक्सिजन असं. गंमत अशी की घरच्या तापमानाला वुस्टाइटला चुंबकाचं सोयरसुतक नसतं. म्हणजे लाल दगड तापवता तापवता तो चुंबकीय झाला, आणि जास्त चांगला करावा म्हणून तसाच भाजत बसलात, तर हाती आलेलं घालवून बसाल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी अक्कल इथं लागते. ऑक्सिजन काढणं कुणालाही जमेल. वेळेवर थांबणं अवघड. चुंबकीय भाजणीचं काम म्हणूनच बहुधा ५०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात करतात. वायूचं मिश्रण बेताचं ठेवतात आणि काही मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या वेळेत उरकतात.

हे चुलीवरही करून बघता येतं. लाल माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करायची. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जोरदार चुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवून मूळचे काळे कण काढून टाकायचे. ही पायरी गाळलीत तर प्रयोग कशानं साधला हे शेवटी सांगता येणार नाही. मग मातीत तिच्या निम्म्या आकारमानाचा लाकडाचा भुसा मिसळायचा. कोळशाची पूड का नको? कोळशापासून मोनॉक्साइड जोमानं तयार व्हायला ७०० अंशांच्या वर जावं लागतं आणि चुलीतल्या डब्यात तेवढी आच सहसा पोचत नाही. भुसा मात्र तीन-चारशे अंशांलाच धुरकट वायू सोडायला लागतो आणि त्यांत ऑक्सिजन ओढून घेणारे वायू असतात. मिश्रण पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं आणि झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडायचं. भोक विसरायचं नाही, नाहीतर झाकण उडेल. डबा निखाऱ्यात ठेवायचा, पण उघड्यावर. घरात नाही, बंद पडवीतही नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पोरं करणार असतील तर जवळ मोठं माणूस हवंच.

थोड्या वेळात भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर. त्या धुराला काडी लावली तर तो भोकाच्या तोंडाशी जळत राहतो. ज्योत विझायला लागली की आतला वायू संपत आला. डबा बाहेर काढून भोकावर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि डबा पार गार होईपर्यंत हात लावायचा नाही. उघडल्यावर आत काळी भुकटी दिसते. काळी दिसली म्हणून जिंकलो असं नाही, कारण जळलेला भुसाही काळाच. निवाडा चुंबक करतो. पिशवीतला चुंबक वरून नेला की भुकटीचे बारीक केस उभे राहतात आणि पिशवीला काळी दाट झालर लागते. चुंबक पिशवीबाहेर काढला की सगळं खाली गळून पडतं. तीच माती, तोच चुंबक. गेला तो फक्त नवातला एक ऑक्सिजन.

गार होईपर्यंत थांबायचं का, तर गरम मॅग्नेटाइटला हवा लागली की गेलेला ऑक्सिजन परत येतो. चांगलं लालभडक असताना झाकण उघडलंत तर पुन्हा हेमॅटाइट, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पण दोन-अडीचशे अंशांच्या सुमाराला, बेतानं हवा दिली तर निराळंच काही होतं. ऑक्सिजन परत येतो, हिशोबानं पुन्हा दोन लोखंड तीन ऑक्सिजन असा पदार्थ होतो, पण अणूंची बैठक मॅग्नेटाइटचीच राहते. हे मॅगहेमाइट. रंगानं तपकिरी, रासायनिक सूत्र हेमॅटाइटचंच, आणि तरीही चुंबकीय.

ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला त्यांनी हे मॅगहेमाइट हाताळलंय. टेपची ती तपकिरी फीत म्हणजे प्लास्टिकवर लावलेला त्याच्या बारीक सुयांचा थर. सुया करायची रीत मोठी चतुर होती. गोएथाइटचे स्फटिक सुईच्या आकाराचे वाढवता येतात, मॅग्नेटाइटचे सहजी येत नाहीत. म्हणून आधी गोएथाइटच्या सुया वाढवायच्या, तापवून त्यांतलं पाणी घालवायचं, हायड्रोजनमध्ये तीन-चारशे अंशांवर मॅग्नेटाइट करायचं आणि मग हवेत हलकेच मॅगहेमाइट. तीन वेळा पदार्थ बदलला, पण सुईचा आकार टिकून राहिला. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन नावाचं ध्वनिमुद्रण यंत्र मांडलं गेलं, तिथून चुंबकीय फितीचं युग सुरू झालं. भजनाच्या आणि नाट्यगीतांच्या कॅसेट घराघरांत पोचल्या त्यामागं हे क्षपण होतं.

आपल्याकडं मात्र हे काम कुंभाराच्या आव्यात फार पूर्वीपासून चाललेलं आहे, चुंबकाचा विचार कुणाच्या मनात नसताना. खानापूर मातीकामासाठी आणि कौलांसाठी ओळखलं जातं. आव्याला शेवटपर्यंत हवा मिळाली तर मडकी लाल निघतात. शेवटी आवा मातीनं लिंपून हवा कोंडली तर तीच मडकी काळी निघतात. त्या काळेपणात बराचसा वाटा कार्बनचा असतो, पण जोडीला मातीतलं लोहही मॅग्नेटाइटकडं झुकलेलं असतं. वीटभट्टीतली जाड वीट फोडली तर कधी बाहेर लाल आणि पोटात काळी निघते, तेही याच कारणानं, कारण आतल्या मातीपर्यंत हवा पोचलेलीच नसते. दोऱ्याला चुंबक टांगून तो स्थिर झाल्यावर ही वीट जवळ न्या. दोरा जरासा कलतो का बघा. कच्च्या विटेकडं तो फारसा कलणार नाही.

शेतात पालापाचोळा जाळला तर त्या जागेची वरची माती थोडी अधिक चुंबकीय होते, हे फ्रेंच संशोधक ल बोर्न यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. पाचोळ्याच्या धुरात हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होतं आणि निवताना हवेनं त्याचं मॅगहेमाइट होतं. म्हणजे आपला डब्याचा प्रयोगच, पण उघड्या रानात. पुरातत्त्वाचे लोक जमिनीवरून चुंबकमापक फिरवून, एक फावडंही न मारता, गाडल्या गेलेल्या चुली आणि भट्ट्या शोधतात त्या यामुळंच सापडतात.

आता बेळगावातल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीबद्दल. बेळगाव फाउंड्रीचं गाव, म्हणून तिथल्या भट्ट्यांत हेच चालतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. फाउंड्रीत आधीच तयार झालेलं कच्चं लोखंड आणि भंगार वितळवून साच्यात ओततात. ऑक्सिजन काढायचं काम दुसरीकडं कुठंतरी उरकलेलं असतं. फाउंड्रीत चुंबक लागतो तो वापरलेल्या रेतीतून लोखंडाचे कण वेचायला आणि भंगार उचलायला. क्षपण बघायचं तर बळ्ळारीकडं जावं लागेल. तिकडचं हेमॅटाइट आणि मुरगाव बंदरात उतरलेला दगडी कोळसा एकत्र येतात तेव्हा तोरणगल्लूला पोलाद होतं. लोंढ्याच्या स्टेशनात थांबणाऱ्या कोळशाच्या वाघिणी त्याच वाटेवरच्या असतात. त्या कोळशाचं मोठं काम ते उरलेले आठ चिवट ऑक्सिजन सोडवण्याचं.

याच पट्ट्यात कोळसा भट्टीत घालून न वितळवता केलेलं लोखंडही बनतं, त्याला स्पंज आयर्न म्हणतात. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागा पोकळ राहतात म्हणून ते भोकाभोकांचं. ते इतकं हपापलेलं असतं की ओलं झालं तर तापतं, हायड्रोजन सोडतं, ढिगाला आगसुद्धा लागते. त्याची वाहतूक आणि साठवण कोरडी ठेवायचा आग्रह धरतात तो उगाच नाही.

पहिल्याच पायरीवर थांबायचा धंद्याला उपयोग काय, असं कुणी विचारेल. हलक्या प्रतीच्या खनिजात हेमॅटाइट आणि गारगोटी पट्ट्यापट्ट्यांनी मिसळलेली असते. ती नुसती वेगळी करता येत नाहीत. पण ते दगड दळून, हलके भाजून हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट केलं, तर चुंबकानं लोखंड एका बाजूला, गारगोटी दुसऱ्या बाजूला. आपल्या कर्नाटकात कुद्रेमुखला तर निसर्गानंच मॅग्नेटाइट करून ठेवलेलं होतं. भाजणीची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली, आणि घाटातलं ते जंगल बघता ते योग्यच झालं असं मला वाटतं.

गणपतीत कानठळ्या बसवणाऱ्या स्पीकरमागची काळी चकतीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच, पण ती क्षपणानं होत नाही. हेमॅटाइटमध्ये स्ट्रॉन्शियमचा किंवा बेरियमचा क्षार मिसळून हजार अंशांच्या वर भाजतात. ऑक्सिजन काढत नाहीत, अणूंची बैठक बदलतात. त्यामुळं ‘चुंबकीय म्हणजे ऑक्सिजन कमी’ असं सरसकट सूत्र मांडू नका.

आग नसतानाही हे काम होतं. खानापूरच्या भातशेतात पाणी तुंबलं की चिखलात आठवड्याभरात प्राणवायू संपतो. तिथले काही जिवाणू मग श्वासासाठी लोखंडाचं ऑक्साइड वापरायला लागतात. लाल चिखल राखाडी-निळसर होतो तो त्यांच्यामुळं. भाताचं रोप उपटून बघा. मुळांवर गंजाचे पिवळट पट्टे दिसतील, कारण मुळं वरून आणलेला प्राणवायू बाहेर झिरपू देतात आणि विरघळलेलं लोखंड तिथंच पुन्हा गंजतं. असाच एक जिवाणू अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना सापडला. तो गंजाचं मॅग्नेटाइट करतो, भट्टी नाही की हायड्रोजनची टाकी नाही, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवलं.

आणि शेवटी आपल्या दाराशीच असलेला लाल चिखल. बेळगावात बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढायचा कारखाना आहे. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवलं की अॅल्युमिना विरघळतो, लोखंडाची ऑक्साइडं विरघळत नाहीत. ती लाल गाळ होऊन मागं उरतात. जगभरात या गाळात ३० ते ६० टक्के लोहऑक्साइड असतं. मग भाजा आणि चुंबकानं वेचा, अडचण कुठली? अडचण कणाच्या आकाराची आहे. गाळ पिठाहून बारीक, आणि लोखंडाच्या कणाला अॅल्युमिना, सिलिका, सोडा असे बिलगलेले की चुंबक एकाला ओढतो तेव्हा बाकीचेही सोबत येतात. हाती येतं ते भेसळीचं मॅग्नेटाइट. मधेच न थांबता शेवटपर्यंत जाण्याचा मार्गही आजमावला गेलाय. डुसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेच्या गटानं जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं, की हायड्रोजन मिसळलेल्या विजेच्या झोतात लाल चिखल वितळवला तर दहाएक मिनिटांत लोखंडाचे गोळे सुटे होतात. वितळल्यामुळं जड लोखंड आपोआप वेगळं होतं, चुंबकानं वेचायचा प्रश्नच उरत नाही. खर्च येतो तो विजेचा आणि हायड्रोजनचा. तोवर हा चिखल सिमेंटवाल्यांना देणं परवडतं, कारण सिमेंटलाही थोडं लोखंड लागतंच आणि त्यांना ते चुंबकाला चिकटतं की नाही याच्याशी काही घेणंदेणं नसतं.